समुद्राच्या जलरंगासाठी आर्चेसचा ३०० ग्रॅम कोल्ड प्रेस ब्लॉक: काय जमतं, काय अडतं

समुद्र रंगवायला बसणाऱ्याचं पहिलं लक्ष निळ्या रंगांकडे जातं. कोबाल्ट घ्यावा की सेरुलियन, अल्ट्रामरिन कुठल्या कंपनीचा, यावर तासन् तास चर्चा होते. पण जलरंगात समुद्राचं जे काही पटतं, म्हणजे क्षितिजाकडे विरत जाणारं आकाश, उन्हात चमचमणारं पाणी, खडकावर फुटलेला फेस, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब, ते सगळं कागदाच्या भरवशावर होतं. साध्या प्रतीच्या रंगात समुद्र निभावता येतो. कागद कच्चा असेल तर उत्तम रंगही मातीमोल होतात. म्हणून पैसे मोजके असतील तर रंगांची संख्या कमी करावी आणि कागद चांगला घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. या परीक्षणात आर्चेस कंपनीचा ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम पोताचा, ब्लॉक फक्त किनाऱ्याच्या कामासाठी तपासला आहे. फुलं, व्यक्तिचित्रं, शहरं यांचा हिशेब वेगळा.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. फ्रान्समधल्या व्होज भागातल्या आर्श (Arches, कंपनीचं नाव त्यावरूनच) गावात १४९२ पासून कागद बनतो आहे. आजचा हा कागद शंभर टक्के सुती तंतूंचा, सिलिंडर मोल्डवर तयार होणारा, आम्लरहित असतो. त्याला जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेलं द्रव्य, असतं, आणि ते नुसतं पृष्ठभागावर नसून आतपर्यंत मुरलेलं असतं. पुढे जे काही चांगलं-वाईट सांगायचं आहे, त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून येतं. ब्लॉकमध्ये कागद एकावर एक रचून कडा गोंदाने बंद केलेल्या असतात आणि एका जागी बोटभर फट मोकळी असते. चित्र वाळलं की तिथून बोथट सुरी घालून वरचा कागद सोडवायचा. २३ × ३१, २६ × ३६, ३१ × ४१ सेंटीमीटर अशा मापांत तो मिळतो, त्याहून मोठी मापंही आहेत.

जिलेटिनचा पहिला परिचय नाकाला होतो. कागद भरपूर भिजवला की ओल्या जनावराच्या केसासारखा वास येतो. कागद खराब झाल्याची ही खूण नाही. वाळल्यावर वास जातो.

आकाश

किनाऱ्याच्या चित्रात आकाश अनेकदा निम्म्याहून जास्त जागा घेतं, आणि इथे हा कागद सर्वांत सरस ठरतो. ब्लॉक मागून १० ते १५ अंश उचलून ठेवावा. ३८ मिलिमीटरच्या चपट्या ब्रशने आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने दोनदा भिजवावा. पहिलं पाणी साइझिंग सैल करतं, दुसरं पृष्ठभागावर टिकतं. दोन्हीमध्ये मिनिटभर जाऊ द्यावं. तिरप्या नजरेने पाहिलं की आधी आरशासारखी चकाकी दिसते, मग ती मंदावून रेशमासारखी होते. रंग टाकायचा तो या दुसऱ्या टप्प्यात. चकाकी असताना टाकला तर रंग पाण्यावर तरंगून खाली वाहून जातो, ढग राहत नाहीत. चकाकी पूर्ण गेल्यावर टाकला तर कडा करकरीत उमटतात.

क्षितिजाजवळ आधी रॉ सिएनाची अगदी पातळ छटा, वरून उतरत येणारा कोबाल्ट, आणि ढगांच्या पोटाला अल्ट्रामरिन व बर्न्ट सिएनाचा राखाडी. साइझिंग आतपर्यंत असल्यामुळे पाणी लगेच शोषलं जात नाही आणि काम करायला निवांत वेळ मिळतो. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर हाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, जागोजागी वेगवेगळ्या गतीने वाळतो, आणि आकाशात नको तिथे रेघा उठतात.

या सवलतीची दुसरी बाजूही आहे. कागद बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे मधेच हात घालायचा मोह होतो. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये त्याहून ओला ब्रश लागला की पाणी बाहेर सरकतं, रंगाचे कण कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. ढग दुरुस्त करायचाच असेल तर ब्रशमधला रंग कागदावरच्या रंगापेक्षा घट्ट असला पाहिजे. तसं जमत नसेल तर पूर्ण वाळू द्यावं, पुन्हा भिजवावं आणि मग हात घालावा. हा कागद असं पुन्हा भिजवणं तीन-चार वेळा सहज सोसतो, खालचा थर हलत नाही.

पाण्यावरची चमक

दुपारच्या उन्हात समुद्रावर पांढऱ्या ठिणग्या पसरलेल्या दिसतात. त्या रंगवता येत नाहीत, सोडाव्या लागतात. ब्रश बाजूने आडवा धरून वेगाने ओढला की रंग कागदाच्या उंचवट्यांवर लागतो आणि खळग्यांत पांढरा राहतो. याला ड्राय ब्रश म्हणतात, पण ब्रश कोरडा नसतो. १२ नंबरचा गोल ब्रश रंगाने भरावा, त्याचं पोट एकदाच सुती फडक्याला टेकवावं आणि क्षितिजाला समांतर ओढावा. फडक्याला दोनदा टेकवला तर खरखरीत, धुळकट रेषा येते. टेकवलाच नाही तर खळगे भरतात आणि चमक मरते.

इथे थोडे गुण कापावे लागतील. आर्चेसच्या कोल्ड प्रेसचा पोत मध्यम आणि किंचित अनियमित आहे. होड्या, डोलकाठ्या, दूरची घरं यांसाठी तो योग्य. पण चित्राचा विषयच उन्हात चमकणारं पाणी असेल तर त्याच कंपनीचा रफ, म्हणजे जास्त खडबडीत पोताचा कागद, घ्यावा. रफवर एका फटकाऱ्यात मिळतं ते कोल्ड प्रेसवर दोन-तीन फटकाऱ्यांत मिळतं, आणि दुसऱ्या फटकाऱ्यातच निम्म्या ठिणग्या बुजतात. हॉट प्रेस या कामाला निरुपयोगी आहे, त्याला खळगेच नाहीत.

लांबच्या ठिणग्या बारीक आणि दाट, जवळच्या मोठ्या आणि विरळ, हा क्रम चुकला की समुद्र आडवा पसरलेला न दिसता भिंतीसारखा उभा दिसतो. दूरच्या पट्ट्यासाठी ब्रशवर दाब कमी, जवळ येताना जास्त.

फेस: सोडणं, झाकणं, उचलणं, खरवडणं

कागदाची खरी परीक्षा इथे होते. ती समजायला अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं काम समोर ठेवणं उपयोगाचं आहे.

होमरचा जन्म १८३६ साली बॉस्टनचा. लिथोग्राफीच्या कारखान्यात उमेदवारी, मग हार्पर्स वीकली या साप्ताहिकासाठी चित्रं, त्यात अमेरिकन यादवी युद्धाचीही. जलरंग त्याने मनापासून हाती घेतला १८७३ मध्ये, मॅसेच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात. त्या सुरुवातीच्या छोट्या चित्रांत उजेडासाठी अपारदर्शक पांढरा भरपूर आहे. १८८१-८२ मध्ये तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलरकोट्स या कोळ्यांच्या गावात राहिला. तिथल्या कोळणी, वादळी आकाश, उत्तर समुद्राच्या लाटा रंगवताना त्याचे कागद मोठे झाले आणि हात बदलला. १८८३ पासून मेन राज्यातल्या प्राउट्स नेकच्या खडकाळ टोकावर त्याने मुक्काम ठोकला, तो १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत. हिवाळ्यात तो बहामा, क्युबा, फ्लोरिडा, बर्म्युडा अशा उबदार किनाऱ्यांवर जाई, आणि तिथले जलरंग पाहिले की कळतं, पांढऱ्या रंगावरची त्याची भिस्त आता कागदावर आली आहे. १८९९ च्या ‘स्लूप, नसॉ’मध्ये शिडांचा लखलखीत उजेड कोऱ्या ठेवलेल्या कागदातून येतो. बाकी ठिकाणी तो ओला रंग टिपून घेतो, वाळलेला रंग भिजवून उचलतो, ब्लेडने खरवडतो. हे सगळं एकाच चित्रात करायचं तर खाली तितकाच दणकट कागद लागतो. कागद विकत घेताना आम्ही हीच कसोटी लावतो: होमरने हातांनी जे जे केलं ते हा कागद सोसतो का?

सोडणं. यात कागदाचं कौतुक काही नाही, ब्रशची शिस्त लागते.

झाकणं. मास्किंग फ्लुइड, म्हणजे रंग लागू नये म्हणून लावायचं रबराचं द्रव, या कागदावर चांगलं चालतं आणि न फाटता निघतं, पण चार अटी आहेत. कागद पूर्ण कोरडा हवा, कारण ओलसर असेल तर रबर तंतूंत शिरतं. लावण्याआधी ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवावा, नाहीतर ब्रश गेला. वाळवायला हेअर ड्रायर वापरू नये, उष्णतेने ते कागदाला घट्ट धरतं. आणि शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी, बोटाने चोळून काढावं. फेसासाठी मात्र मास्किंग जपून वापरावं. त्याची कड सगळीकडे सारखी कठीण येते, आणि फेसाची कड तशी नसते. लाटेच्या माथ्यावर, जिथे फेस गडद खडकासमोर येतो तिथे कड टणक, आणि खाली पाण्यात विरताना मऊ. मास्किंग काढल्यावर खालची कड ओल्या ब्रशने मऊ केली नाही तर लाटेवर कात्रणं चिकटवल्यासारखी दिसतात.

उचलणं. स्वच्छ, ओलसर, ताठ ब्रश जागेवर फिरवावा, दहा-वीस सेकंद थांबावं, टिश्यूने सरळ दाबून उचलावं. घासू नये. कोबाल्ट, सेरुलियन, अल्ट्रामरिन या कागदावरून बऱ्यापैकी सुटतात, पण पांढराशुभ्र कागद परत मिळत नाही, फिकट छटा उरतेच. धुक्याचा पट्टा, लाटेवरचा तुषार यांसाठी ती छटा उलट बरी. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा मात्र तंतूंना डाग लावतात आणि जवळजवळ निघतच नाहीत. म्हणून जिथे पुढे उचलायचं आहे तिथे थॅलो घालू नये. सहज उचलता येणं हीच गरज असेल तर स्वस्त लगद्याचा कागद या एका बाबतीत पुढे आहे, रंग त्याच्या वरवरच बसतो. पण त्याच कारणाने तिथे दुसरा थर देताना पहिला थर उखडतो.

खरवडणं. इथे हा कागद मन जिंकतो. चित्र हाडासारखं कोरडं झाल्यावर क्राफ्ट नाइफचं पातं जवळजवळ आडवं धरून, कागदाच्या उंचवट्यांवरून हलकेच ओढावं. रंगाचा थर निघतो आणि खालचा पांढरा ठिपक्याठिपक्यांनी उघडा पडतो. पात्याच्या टोकाने ओढलेली बारीक रेघ म्हणजे होडीच्या दोरावर पडलेलं ऊन. जिलेटिनमुळे तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे भुसा न उठता स्वच्छ चरा पडतो. लगद्याच्या कागदावर हेच केलं की लव उभी राहते. इंग्लिश चित्रकार टर्नरही कागद नखाने खरवडून उजेड काढायचा, इतकी ही युक्ती जुनी आहे. ती अगदी शेवटी वापरायची, कारण खरवडलेल्या जागेचं साइझिंग गेलेलं असतं. तिथे नंतर रंग लावला तर टिपकागदासारखा शोषला जातो आणि पांढऱ्याच्या जागी काळपट डाग बसतो. कागद थोडाही ओला असताना पातं लावलं तर तो उसवतो, मग इलाज नाही.

ओली वाळू

ओल्या वाळूतलं प्रतिबिंब सोपं दिसतं, पण वेळेचं गणित कडक आहे. वाळूचा भाग रॉ सिएना आणि थोड्या बर्न्ट सिएनाने ओला करून घ्यावा, तो ओला असतानाच आकाशाचा रंग वरून खाली उभ्या फटकाऱ्यांनी सोडावा, आणि चकाकी मंदावली की चपटा, निथळलेला ब्रश एकदाच आडवा ओढून एक फिकट रेघ उचलावी. उभ्या फटकाऱ्यांनी खोली येते, आडव्या रेघेने पृष्ठभाग. सुती कागदावर या तिन्ही गोष्टींना पुरेसा अवधी मिळतो.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर

ब्लॉकचा सगळ्यात मोठा फायदा वाऱ्यात कळतो. बोर्ड नको, चिमटे नकोत, कागद फडफडत नाही. पण ३०० ग्रॅमचा कागद भरपूर पाण्याने फुगतो, आणि ब्लॉकमध्ये तो कडांनी बांधलेला असल्यामुळे मधोमध उचलला जातो. २३ × ३१ मध्ये हे जाणवत नाही. ३१ × ४१ मध्ये दोन-तीन उंचवटे येतात, मधल्या दऱ्यांत रंग साचतो आणि सपाट समुद्रात गडद पट्टे दिसतात. वाळल्यावर कागद पुन्हा सपाट होतो, पण पट्टे राहतात. जाहिरातीत ब्लॉकला कागद ताणायची, म्हणजे आधी भिजवून बोर्डाला चिकटवून वाळवायची, गरज नाही असं म्हणतात, ते छोट्या मापापुरतं खरं धरावं. मोठ्या मापात भिजवून काम करायचं तर ६४० ग्रॅमचा कागद घ्यावा किंवा ३०० ग्रॅमचा सुटा कागद ताणून घ्यावा.

दुसरी अडचण वेळेची. दमट हवेत एक वॉश वाळायला तास लागू शकतो, आणि वरचा कागद वाळून निघेपर्यंत खालच्यावर काम सुरू करता येत नाही. ओला असताना सोडवला तर तो वाकडातिकडा वाळतो. म्हणून एका मोठ्या ब्लॉकऐवजी दोन छोटे घ्यावेत. एक वाळतो तोवर दुसऱ्यावर काम. सोडवताना धारदार पातं वापरलं तर खालच्या कागदावर चरा पडतो आणि पुढच्या चित्राच्या आकाशात तो गडद रेघ होऊन उमटतो. प्लास्टिकची सुरी किंवा जुनं बँक कार्ड उत्तम. काम करताना फट वरच्या बाजूला ठेवावी, नाहीतर ओघळणारं पाणी तिथून खालच्या कागदांत शिरतं.

समुद्राचं पाणी ब्रश धुवायला वापरू नये. मीठ कागदावर राहतं, हवेतली ओल धरतं आणि रंगात अनाहूत ठिपके पाडतं. घरून लिटरभर गोडं पाणी न्यावं, निम्मं धुवायला, निम्मं रंग कालवायला. ब्लॉकवर थेट ऊन पडू देऊ नये. पांढरा कागद डोळे दिपवतो, प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा उजळ भासते, मग हात आपोआप गडद जातो आणि सावलीत आणल्यावर चित्र मंद दिसतं. पाठ किंवा छत्री अशी ठेवावी की कागद पूर्ण सावलीत येईल. अर्धं ऊन, अर्धी सावली तर सर्वांत वाईट.

भरती-ओहोटीचंही भान हवं. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, पण पाणी सारख्या वेगाने सरकत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात एकेक बारावा हिस्सा, दुसऱ्या आणि पाचव्या तासात दोन-दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं अंतर. मधल्या दोन तासांत बसलात तर खडक डोळ्यांदेखत बुडतील किंवा उघडे पडतील. पेन्सिलने पाण्याची कड आधीच पक्की करावी आणि नंतर ती बदलू नये. भरती किंवा ओहोटीच्या आजूबाजूचा तास बसायला सर्वांत बरा.

क्षितिज सरळ हवं. हा कागद मास्किंग टेप सोसतो. टेप कपड्याला दोनदा चिकटवून त्याचा जोर कमी करावा, कडेवरून नख दाबून फिरवावं, आणि चित्र कोरडं झाल्यावर कागदाला जवळजवळ समांतर धरून हळू ओढावा. मात्र दूरचं क्षितिज टेपच्या कडेइतकं कापल्यासारखं राहू देऊ नये. दोन-तीन ठिकाणी ओल्या ब्रशने ते मऊ करावं म्हणजे हवेचं अंतर येतं.

कोणते रंग जोडीला

सहा पुरतात: अल्ट्रामरिन, कोबाल्ट किंवा सेरुलियन, थॅलो हिरवा, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन रोझ. अल्ट्रामरिन आणि सेरुलियन यांचे कण जड असतात, ते कोल्ड प्रेसच्या खळग्यांत बसून पाण्याला दाणेदार पोत देतात. उभ्या राहिलेल्या लाटेतून उजेड आरपार येतो त्या हिरव्यासाठी रॉ सिएनात थॅलो हिरव्याचं नुसतं टोक बुडवावं. एवढ्यावर थांबावं, थॅलो सगळं गिळून टाकतो.

सूर्यास्ताच्या लालसाठी जुना खरा अ‍ॅलिझरिन घेऊ नये, तो उजेडात उडतो. होमरच्याच १८८७ च्या ‘फॉर टू बी अ फार्मर्स बॉय’ या चित्राचं आकाश आज फिकं, जवळजवळ कोरं दिसतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने त्याच्या जलरंगांचा शास्त्रीय अभ्यास करून २००८ साली प्रदर्शन मांडलं, त्यात कळलं की तिथे मुळात लालसर सूर्यास्त होता आणि त्यातले नाजूक लाल रंग उडून गेले आहेत. सुती, आम्लरहित कागद पिवळा पडत नाही, पण रंगाचं आयुष्य तो वाढवू शकत नाही. ट्यूबवर पीव्ही १९ हा पिगमेंट कोड आणि प्रकाशस्थैर्याची नोंद पाहूनच लाल घ्यावा.

साठवण

किनारपट्टीची दमट हवा हा या कागदाचा खरा शत्रू आहे. जिलेटिन ओल आणि बुरशीला बळी पडतं, मग साइझिंग जागोजागी मरतं. कोऱ्या कागदाकडे पाहून काही कळत नाही. वॉश दिला की मधेच गडद, मंद ठिपके उमटतात आणि ते काही केल्या जात नाहीत. उघडलेला ब्लॉक हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, आडवा, भिंतीपासून दूर ठेवावा. जुना ब्लॉक वापरण्याआधी कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मणी होऊन निदान मिनिटभर टिकला तर कागद चांगला, काही सेकंदांत पसरून गडद डाग झाला तर साइझिंग गेलं. तो फेकायची गरज नाही, पेन्सिलच्या स्केचला किंवा गोआशला (अपारदर्शक जलरंगाला) तो चालतो.

रोज नवशिक्या हाताने छटांचे प्रयोग करणाऱ्याने हा ब्लॉक त्यात संपवू नये. छोटे टोन-स्टडीज, भरती-ओहोटीच्या नोंदी, ढगांची टिपणं यांना लगद्याचा कागद ठीक आहे. पण वॉश आणि खरवडणं शिकायचं ते याच कागदावर, कारण कच्च्या कागदावर ते शिकताच येत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपलाच हात चुकतो आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने २३ × ३१ चा एक कोल्ड प्रेस आणि तेवढाच एक रफ घ्यावा. ३१ × ४१ कडे आकाशाचा ओला वॉश सहज जमू लागल्यावर जावं.